जिभाऊचे साडेसहा

"कोणाला सांगू नकोस, मी कॅनडाला चाललोय," असं जिभाऊने माझ्या कानात सांगितलं, तेव्हा सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या आख्ख्या सोसायटीला ते कळलं. हळू बोलणं त्याला जमतच नसे. बारशाला गेला तर पाळण्यातलं पोर दचकून उठायचं, आणि हा तिथेच उभा राहून विचारायचा, "का रडतंय? भूक लागली का?"

जिभाऊ माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्टर होता. कपड्याची चिंधी बघून कुठला रंग किती टाकायचा हे तो क्षणात सांगे. मी घरीच इंग्रजीचे क्लास घेतो, त्यामुळे कॅनडाचं भूत त्याच्या मानगुटीवर बसलं तेव्हा त्यातला अर्धा भार आपोआप माझ्या मानेवर आला. तिथे जायला गुण लागतात. वयाचे, शिक्षणाचे, अनुभवाचे, भाषेचे. बेरीज पुरेशी झाली की बोलावणं येतं. जिभाऊची बेरीज थोडक्यात हुकत होती. "पॉइंट रस्त्यावर पडलेला नसतो मास्तर, शोधावा लागतो," असं तो म्हणायचा आणि शोधायला मला जुंपायचा.

पहिला घोळ वयाचा. तिशी उलटली की दर वाढदिवसाला गुण कापले जातात, आणि जिभाऊचा वाढदिवस कागदोपत्री एक जून. अमळनेरकडच्या आमच्या गावात हेडमास्तरांनी निम्म्या गावाला त्याच दिवशी जन्माला घातलं होतं. त्यात काकांना पोरगा लवकर शाळेत घालायची घाई, म्हणून वर्षही एक मागचं लावलं. जिभाऊने काकूला खरी तारीख विचारली. काकू म्हणाली, "पोयाना दुसऱ्या रोजले व्हयना तू. बैलेस्ना शिंगेसना रंग बी सुकेल नव्हता." आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा दाखला कुठून आणायचा? तरी हा पठ्ठ्या मला म्हणाला, "तू इंग्रजीत लिही ना. आपण समजावून सांगू. गोरे लोक ऐकून घेतात." मी हात जोडले.

मग अनुभवाचं पत्र. त्यात रोजचं काम, तास, पगार असं सगळं लागतं, हे मी एका कागदावर लिहून दिलं होतं. मिलच्या सेठने दिलेल्या पत्रात होतं, की हा आमच्या घरचा माणूस आहे, चारित्र्य उत्तम आहे आणि तो कधीही रजा मागत नाही. मी परत पाठवलं. दुसऱ्या पत्रात एक वाक्य वाढलं, की याचे वडीलही सज्जन होते. मी चिडलो तर जिभाऊ मलाच समजावायला लागला, "सेठने दिल से लिहिलंय रे. असं कसं बदल म्हणू?" चौथ्या खेपेला मीच मजकूर टाईप करून दिला. तेव्हा सेठने सही केली आणि खाली पेनने लिहिलं, 'घरचा माणूस'.

मध्ये कोणीतरी सांगितलं की फ्रेंच आलं तर जादा पॉइंट मिळतात. झालं! दोन महिने गच्चीवरून फ्रेंच ऐकू यायला लागलं. काकू घाबरून मला विचारायची, "हाऊ कोनले शिव्या दी ऱ्हायना रे भाऊ?" शेजारच्या उडिया कुटुंबाने खिडकी बंद करून घेतली. दोन महिन्यांनी जिभाऊला फ्रेंचमध्ये स्वतःचं नाव सांगता येत होतं आणि वीसपर्यंत आकडे, तेही अकरानंतर अंदाजाने.

खरं घोडं अडलं होतं इंग्रजीच्या परीक्षेपाशी. वाचणे, लिहिणे, बोलणे, ऐकणे असे चार विषय. चारही ठरलेल्या पातळीवर आले की बेरीज एकदम उडी मारते. वाचण्यात, लिहिण्यात त्याला सात मिळाले. बोलण्यात साडेसात, समोर बसून मुलाखत घेणारी बाई याच्या आवाजाने खुर्चीसकट मागे सरकली असेल तरी साडेसात. ऐकण्यात आठ हवे होते. तिथे साडेसहा. तीन वेळा फी भरली, तीन वेळा साडेसहा. एक जून जवळ येत होता. तो उलटला की इंग्रजीत मिळवलेलं वयात जाणार होतं.

मी त्याला रोज हेडफोन लावून बसवायचो. रेकॉर्डिंगमधली बाई पंधरा म्हणायची, हा पन्नास लिहायचा. ती म्हणायची शुक्रवार, हा काहीच लिहायचा नाही. पालथ्या घड्यावर पाणी. "लक्ष कुठे असतं तुझं?" मी ओरडायचो. "फी काय झाडाला लागते? तुला जायचंय की नाही?" मोठा भाऊ असून तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा. आणि मी दीड वर्ष, रोज, क्लासमधल्या इतर मुलांसमोर त्याला निष्काळजी म्हणत होतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो होतो. हेडफोन बिघडला म्हणून रेकॉर्डिंग मोबाईलवरच लावलं. जिभाऊ भिंतीकडे तोंड करून लिहीत होता. आत वहिनी भाकरी थापत होती, आणि थापता थापता उत्तरं देत होती. "बस नंबर पंधरा. शुक्रवारी दुपारी. भावजी, हे तर सोपं आहे." मी वैतागून म्हणालो, "वहिनी, तुम्हाला चुलीपाशी ऐकू येतं आणि याला समोर ठेवून येत नाही!"

"त्यांना हाक ऐकू येतच नाही," वहिनी सहज म्हणाली. "लग्नापासून मी समोर येऊनच बोलते. मला वाटलं, सगळे नवरे असेच असतात."

मी जिभाऊच्या पाठीमागे दोन पावलांवर उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "जिभाऊ, कॅनडाचं पत्र आलं."

तो लिहीतच राहिला.

कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लूम्सवर होतात का?" होता ना. सोळाव्या वर्षापासून, डिप्लोमा करता करता, बमरोलीच्या एका लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, सहा वर्षं. तिथे माग धडधडत असताना कोणाचंच काही ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात आणि स्वतः बोलताना ओरडतात. बारीक, उंच आवाज त्याच्या कानांतून कधीच गेले होते. हे मी त्याला समोर बसून सांगितलं, तर तोच चक्रावला. "म्हणजे तू तोंड न बघता ऐकतोस? मला वाटलं, सगळे बघूनच ऐकतात."

आता कळलं की त्याला बोलण्यात साडेसात का मिळायचे. त्या बाईला तोंड होतं. हेडफोनला तोंड नव्हतं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी परीक्षेत वेगळी सोय असते म्हणे, पण तिचा अर्ज फार आधी करावा लागतो, आणि एक जून पंधरा दिवसांवर आला होता. तो आला आणि पाच पॉइंट घेऊन गेला. त्या दिवशी जिभाऊने स्वतःच पेढे आणले. "सरकारी वाढदिवस आहे, तोंड गोड कर," म्हणाला. मी पेढा हातातच ठेवून पुन्हा बेरजेचा कागद काढला.

रात्रभर डोकं खाजवून मी दुसऱ्या दिवशी वहिनीची बेरीज करून बघितली. एम.कॉम., एका कंपनीत सहा वर्षं अकाउंटंट, आणि जन्म सुरतेतला, म्हणजे तारीख खरी आणि तिशीच्या आतली. वहिनी परीक्षेला बसली आणि पहिल्याच फेरीत ऐकण्यात साडेआठ घेऊन आली. अर्ज तिच्या नावाचा झाला, जिभाऊ तिच्या अर्जातला नवरा झाला. त्याला वाईट वाटेल म्हणून मी चाचरत सांगायला गेलो, तर हा सोसायटीभर ओरडत सुटला, "पॉइंट माझ्या घरात भाकरी थापत होता, आणि मी फ्रान्सपर्यंत शोधत फिरलो!"

ते निघाले त्या दुपारी सोसायटीच्या दारात मुंबईची गाडी उभी होती. काकू आता आमच्याकडे राहणार होती. तिने जिभाऊचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी पुटपुटली. त्याने मान हलवली. मग तो माझ्याकडे आला. मी रात्रीच ठरवलं होतं की आज माफी मागायची. पण त्याच्या तोंडाकडे बघून ते बोलायची मला लाज वाटली. मी खाली बघत म्हणालो, "जिभाऊ, तुला निष्काळजी म्हणालो, माझं चुकलं."

"काय म्हणालास?" त्याने वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी मान वर केली. "पोहोचल्यावर फोन कर," म्हणालो.