गळतीला सुतक

संध्याकाळी टाकीचा निळा दिवा लागला की आमच्या बाहेरच्या खोलीचं छत हलायला लागतं. पाण्यावरची लाट छतावर पडते, पंख्याच्या पात्यांवरून घसरते आणि कॅलेंडरवर येऊन रेंगाळते. मी कारखान्यातून येते, चपला काढते आणि खोलीतला दिवा न लावता तशीच खुर्चीत बसते. खाली रिक्षावाले ओरडत असतात, डेपोकडे वळणारी एसटी हॉर्न देत असते, आणि वर दुसऱ्या मजल्यावर मी पाण्याखाली असते. तेवढा अर्धा तास मला कोणी काही विचारू नये, एवढीच माझी अपेक्षा. आईला ती कधीच मान्य नव्हती.

महाडला खाडीचा वारा येतो, पण खरा समुद्र बघायचा तर गाडी काढून हरिहरेश्वराकडे जावं लागतं. म्हणून मी तो घरीच आणला. चार फुटांची काचेची टाकी, मीठ मिसळलेलं पाणी, दोन-तीन मासे आणि बाकी सगळी प्रवाळांची वस्ती. कारखान्यातले लोक विचारतात, "मॅडम, कालवण कधी करताय?" मी आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय. प्रवाळ दिसतात झाडासारखी, पण ते जीव आहेत. पाण्यातला चुना पिऊन ते स्वतःभोवती दगडाचं घर बांधत बसतात. समुद्रात चुना कधी संपत नाही. टाकीत संपतो, आणि तो थोडाथोडा, रोज, न चुकता परत घालावा लागतो. एकदम घातला तर जीव भाजतात, विसरलं तर उपाशी मरतात. इतकी नखरेल जात मी दुसरी पाहिलेली नाही.

आधी मी सकाळी पिचकारीने मोजून घालायची. मग कारखान्यात पाळ्या बदलल्या, माझ्या हातून चुकायला लागलं, आणि मी आपोआप डोस देणारा पंप आणला. मी तिथल्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे डोसिंग पंप म्हणजे सांडपाण्याच्या टाकीवर खटखट करणारं धूड, त्याच्या आवाजाने डोकं उठतं. घरातला पंप जेवणाच्या डब्याएवढा. त्याला दोन बारीक नळ्या, खाली दोन कॅन. एकात चुन्याचं पाणी, दुसऱ्यात सोड्याचं. ठरल्या वेळी तो मांजरासारखा घुरघुरतो आणि नळीच्या टोकाला थेंब धरतो. थेंब थोडा वेळ तिथेच लोंबतो, त्यात खोली उलटी दिसते, आणि मग तो पडतो. हे बघण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत.

आई तेव्हा नुकतीच माझ्याकडे आली होती. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर. बाबा गेले, गुरं विकली, शेजारची घरं मुंबईला गेली आणि कुलपांच्या रांगेत आई एकटी उरली. मी एकुलती एक, लग्न न केलेली. गुडघ्याचं निमित्त काढून मी तिला खाली आणली. आली, पण पाहुणीसारखी. लुगडी पिशवीतच, आणि रोज सकाळी तेच.

"लेकीकडं किती दिस ऱ्हायचं गो?"

"हे माझं सासर आहे का, आई? माझंच घर आहे."

"असंल. भावकी बोलायची ती बोलतेच."

मग मी कारणांची रांग लावायची. डॉक्टर इथे आहेत. वरची कौलं गळतात. तुझा गुडघा. तिच्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार असायचं. "गुडघा हितं पन दुखतोच की." मी चिडून आंघोळीला निघून जायची.

टाकीवर तिचा राग होता. मासे पाळायचे आणि खायचे नाहीत, हे तिच्या बुद्धीला पटत नव्हतं. पण पंप बसवला त्या दिवशी ती स्टुलावर बसून बघत राहिली. पहिला थेंब पडला आणि तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"ही तर गळती गो."

आमच्या वाडीच्या शंकराच्या देवळात पिंडीवर तांब्याचं भांडं टांगलेलं असतं, बुडाला बारीक भोक. त्यातून देवावर थेंब थेंब पाणी पडतं, ती गळती. श्रावणात ती सुकू द्यायची नाही. ते भांडं भरायची घराघराला पाळी असायची, आणि आमच्या घरची पाळी वर्षानुवर्षं आईने केली. झऱ्यावरून हंडा, चढण, देऊळ. लहानपणी मी तिच्या मागून जायची आणि गाभाऱ्याच्या अंधारात तो थेंब मोजता मोजता उंबऱ्यावरच झोपायची.

"तुझ्या दगडाला पन गळती व्हय?"

"दगड नाहीत ते. जिवंत आहेत."

"न् वतत्येस काय त्येंच्यावर?"

"चुना समज."

"चुना खातात?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग कमरेची पानाची चंची काढून तिने मला दाखवली. "मंग आमच्याच जातीचे की!"

त्या दिवसापासून पंप तिचा झाला. सकाळी आंघोळ झाली की आधी कॅन उजेडात धरून पाणी किती उरलंय ते बघायचं, मग चहा. पावडरी मी वजन करून पाण्यात विरघळवायची, कॅनमध्ये ओतायची मात्र ती. दोन कॅनला दोन नरसाळी. चुना आणि सोडा एकत्र आले तर पाणी दुधासारखं फाटतं, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. एक थेंब सांडायची नाही. आणि कॅनला हात लावण्याआधी पान खायची नाही.

संध्याकाळी ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली. माझा अर्धा तास संपला तो संपलाच. पण निळ्या उजेडात तिचा आवाजही वेगळा यायचा, लांबून, पाण्यातून आल्यासारखा. "समुद्राचं पानी एवढं वर कसं चढलं गो?" ती विचारायची, आणि माझं उत्तर ऐकायच्या आत डुलकी घ्यायची. मीही पेंगायची. एकदा मला त्या पेंगेत दिसलं की घाटातलं धुकं म्हणजे खारं पाणीच आहे, आमच्या वाडीवरून मासे चाललेत, आणि आई कौलांवर उभी राहून त्यांना हाकलतेय. जागी झाले तर ती माझ्याकडेच बघत होती. "झोपेत हसतेस तू," ती म्हणाली, "ल्हानपनी पन हसायचीस." पुढे कधीतरी कपाट उघडलं तेव्हा तिची लुगडी माझ्या ड्रेसशेजारी घडी घालून ठेवलेली दिसली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिने ती परत पिशवीत भरली असती.

मग वाडीतून फोन आला. बाबांचे चुलतभाऊ गेले. मी कारखान्यातून धावतपळत घरी पोचले तेव्हा आई दाराशी तयार उभी होती. आम्ही तशाच वर गेलो. वाडीत माणसं कमी, म्हणून दहाव्यापर्यंत तिथेच राहिलो. मी वरूनच कारखान्याला ये-जा केली; परतीची गाडी गाठायच्या घाईत घराकडे फिरकणं झालं नाही. महाडच्या घराची किल्ली खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे होती, त्या रोज वर जाऊन माशांना खाणं टाकायच्या आणि फोनवर सांगायच्या, "छान निळं निळं दिसतंय हो सगळं." टाकीचे दिवे आपले आपण लागणारे, पंप आपला आपण चालणारा. मला कसली चिंता नव्हती. वाडीत पहाटे जाग यायची, बाहेर धुकं, आत गोधडीची ऊब, आणि मी डोळे मिटून तिकडे बंद खोलीत पडणारा थेंब बघायची. तो लोंबायचा, त्यात खोली उलटी दिसायची, मग पडायचा. त्याने मला पुन्हा झोप लागायची.

दहावा झाल्यावर परत आलो. आईने आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, बाहेरच्या खोलीत आली, टाकीमागे वाकली आणि एक बटण दाबलं. पंप घुरघुरला.

"हे काय केलंस?"

"गळती लावली. सुतक फिटलं ना."

माझ्या डोक्यात ते शिरायलाच वेळ लागला. मग मी टाकीत वाकून बघितलं. फांद्यांचं एक जांभळं प्रवाळ माझ्याकडे होतं. आणलं तेव्हा अंगठ्याएवढं, आता चांगलं ओंजळभर झालेलं. ते बुडापासून पांढरं पडत वर आलं होतं. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा रंग कोरा असतो, डोळ्यांना लागतो. फक्त टोकांवर जांभळा जीव उरला होता. बाकीचीही मिटून बसली होती. मी पाणी तपासलं. निळ्याचं पिवळं व्हायला तपासणीच्या औषधाचे जेवढे थेंब लागायला हवेत, त्याच्या निम्म्यातच ते पिवळं झालं, म्हणजे पाण्यातलं त्यांचं खाणं निम्म्यावर आलं होतं.

"इतके दिवस बंद होता पंप? तुला कोणी सांगितलं हात लावायला?"

"सुतकात गळतीला हात लावत नाय."

"आई, ते यंत्र आहे! यंत्राला कसलं आलंय सुतक?"

"यंत्राला नाय. पन भरलेलं कुनाच्या हातचं? तुझ्या न् माझ्या." ती समजावून सांगितल्यासारखी शांतपणे बोलत होती. "वर असतं तर आपली पाळी दुसऱ्या घरानं घेतली असती. गळती सुकली नसती. हितं कोन हाय? आपन दोघीच."

यात खोट काढायला जागा नव्हती, आणि त्यानेच मी जास्त भडकले. "तुझ्यामुळे मेलं ते," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. ती चंची उचलून स्वयंपाकघरात गेली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. कमी पडलेला चुना एकदम भरून काढता येत नाही. हात शिवशिवतात की ओता सगळा कॅन, पण तसं केलं तर उरलेलंही जातं. रोज पंपाचा डोस किंचित वाढवायचा, पाणी तपासायचं आणि गप्प बसायचं. त्या प्रवाळाची जिवंत टोकं मी कापून घेतली आणि दगडावर चिकटवून ठेवली. आई बाहेरच्या खोलीत यायची बंद झाली. भाकऱ्या थापता थापता एकदाच तिने आतून विचारलं, "जगतात काय गो?" मी म्हणाले, "बघू." माझा राग तोवर गेला होता, पण तो गेल्याचं सांगायचं कसं ते मला कळत नव्हतं.

एका संध्याकाळी मी निळ्या उजेडात बसले होते. ती दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"उद्याच्या गाडीनं वर जाते मी. पोलादपूरला कोन ना कोन भेटंल पुढं न्यायला."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं मी बघीन."

मी पुन्हा रांग लावली. डॉक्टर, कौलं, पावसाळा. ती मान हलवत ऐकत होती, पाहुण्यांचं ऐकतात तसं. मग म्हणाली, "माझ्या हातनं तुझं जितं मेलं. आता कुठल्या तोंडानं ऱ्हावू?"

मी उठले आणि नळी नीट करायचं निमित्त करून टाकीकडे तोंड केलं. छतावरची लाट माझ्या हातांवर हलत होती. तिच्याकडे बघून मला बोलता आलं नसतं.

"तू यायच्या आधीही मी अशीच बसायची," मी म्हणाले. "कारखान्यातून निघाले की दुसऱ्या दिवशी तिथे पोचेपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललेली नसायची. लोकांना सांगायची, मला शांतता आवडते म्हणून. मला ते परत नकोय. तुझा गुडघा, कौलं, काही नाही. मला तू इथे हवी आहेस."

ते चिडल्यासारखंच ऐकू आलं असणार.

पंप मध्येच घुरघुरला आणि थांबला.

"येवढं सांगायला तुला इतकं दिस लागलं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, म्हातारी झाली, टाकायची कुठं, म्हनून ठेवली हिनं. डाक्टर न् कौलं कोन बी कुनालाबी सांगतं गो."

मग ती चौकट सोडून आत आली. माझ्या शेजारी उभी राहून, चष्मा पदराने पुसून, दगडावर चिकटवलेल्या त्या जांभळ्या टोकांकडे तिने वाकून बघितलं. एकेक करून, नीट.

"खालच्या वैनीचं कूळ येगळं हाय ना?"

"हो. का?"

"तिला ह्ये सगळं शिकवून ठेव. चुना कुठला, सोडा कुठला, नरसाळी कुठली." तिने काचेवर बोट टेकवलं. "मी मरंन तवा तुला दहा दिस हात लावता यायचा नाय. तवर ह्येंनी काय खायाचं?"

मी तिचा दंड घट्ट धरून उभी राहिले.