लोकर, बर्डसीड आणि बारा बोअर

किस्से मी जमवत नाही. दुकानाचं दार उघडं ठेवलं की ते आपोआप आत येतात, चिखलाने भरलेल्या गमबुटांसकट, आणि काउंटरपाशी साचत राहतात. मग लीड्सला कुणाकडे जेवायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "मेधा, तू काय करतेस गं हल्ली?"

"दुकानात असते."

"कसलं दुकान?"

"लोकर, विणायच्या सुया, पक्ष्यांसाठी बर्डसीड, कुत्र्यांचं खाणं, पडद्यांच्या कड्या... आणि बंदुका."

इथे समोरच्याचा घास तोंडापाशी थांबतो! "म्हणजे यूकेमध्ये बंदुका मिळतात?" अहो, मिळतात की! शेतकरी आहेत, ससे आहेत, पिकावर बसणारी कबुतरं आहेत. फक्त पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते मिळवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. आमचं गाव लीड्सपासून तासाभरावर आहे. माझा नवरा सुहास लीड्सच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणतो, मी दिवसभर लोकांना झोपवतो आणि ही त्यांची झोप उडवते.

* * *

दुकानाचा मालक जेफ. सत्तरी ओलांडलेला, पक्का यॉर्कशायरचा, शब्द असे वापरतो जणू रेशनवर मिळतात. दहा वर्षांपूर्वी मी तिथे लोकर घ्यायला गेले, तर काचेवर चिठ्ठी होती: 'मदतनीस हवा. वीस किलोची गोणी उचलता आली पाहिजे. बडबड चालणार नाही.'

मी आत गेले, बर्डसीडची गोणी उचलून त्याच्या काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "मी साताऱ्याची आहे." मग सातारा कुठे आहे, तिथली माणसं कशी कणखर असतात, माझे आजोबा कसे पैलवान होते, सगळं सांगितलं. जेफने शांतपणे ऐकून घेतलं.

"दोनपैकी एक अट पूर्ण," तो म्हणाला. "सोमवारी या."

हाच जेफ गेल्या वर्षी म्हणाला, "मी आता मासे पकडायला जाणार. दुकान तू घे." फक्त बंदुका विकायचं सर्टिफिकेट माझ्या नावावर व्हायला हवं. आमच्याकडे लोकर घेणाऱ्या बायका येतात त्या काडतुसं घेणाऱ्या नवऱ्यांच्या गाडीतून. बंदुकांचा काउंटर गेला असता, तर ख्रिसमसपर्यंत लोकरीचाही गेला असता. आणि मला ते दुकान हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या काउंटरमागे उभी होते, आता दारावर माझ्या नावाची पाटी हवी होती. त्याचं काय झालं ते सांगते, पण आधी बाकीचं ऐका.

* * *

आमच्या धंद्यात दुकानाची पाटी वाचून काही कळत नाही. पलीकडच्या गावात लॉनमोअर दुरुस्त करणाऱ्याकडे रायफली मिळतात. त्याच्याही पुढे एक जण लग्नाचे सूट भाड्याने देतो आणि आतल्या खोलीत शॉटगन विकतो. मला हे सगळं नंतर कळलं. सुरुवातीला जेफने मला एका ट्वेल्व्ह बोअर शॉटगनचा लाकडी दस्ता दुरुस्तीहून आणायला पाठवलं, तेव्हा मी अगदीच नवखी होते.

पत्त्यावर पोचले तर पियानोचं दुकान! आत एक मुलगी सारेगम घोटत होती आणि पांढऱ्या केसांच्या बाई तिच्या शेजारी बसून ताल धरत होत्या. मी म्हटलं, चुकलो आपण. हळूच मागे फिरणार, तेवढ्यात बाईंनी मान न वळवता विचारलं:

"ट्यूनिंग, की ट्वेल्व्ह बोअर?"

त्यांचा नवरा पियानोचं अक्रोडाचं लाकूड पॉलिश करतो ना, आणि बंदुकीचा दस्ताही अक्रोडाचाच असतो. पॉलिश ते पॉलिश!

* * *

बिल आणि मॉरीन हे नवरा-बायको आमचं लाडकं गिऱ्हाईक. मॉरीनच्या घरात लोकर ठेवायला कपाट उरलेलं नाही. बिलकडे शिकारीची इतकी जाकिटं आहेत की अख्खं गाव घालून फिरेल. दोघांनीही एकमेकांना वचन दिलेलं, की आता नवीन काही आणायचं नाही.

तर मॉरीन यायची, लोकर घ्यायची आणि डोळा मारून म्हणायची, "बर्डसीडच्या पिशवीत घाल हं!" पुढच्या आठवड्यात बिल यायचा, जाकीट घ्यायचा आणि दाराकडे बघत कुजबुजायचा, "बर्डसीडच्या पिशवीत घाल." मी दोघांचंही घालायचे. मला काय, दोन्ही माझीच माणसं!

एके दिवशी बिल चिंताग्रस्त चेहऱ्याने आला. म्हणाला, "मेधा, आमची मॉरीन इतकं बर्डसीड नेते तरी कुणासाठी? आमच्याकडे तीन मांजरं आहेत. बागेत एक पक्षी फिरकत नाही!"

मी म्हटलं, "हेच ती मला तुझ्याबद्दल विचारत होती."

* * *

आपली माणसं तर विचारूच नका. सुहासचा एक मित्र बेसिंगस्टोकहून आला, आयटीवाला. बंदुकांची भिंत बघून त्याच्या अंगात आलं. "वहिनी, एक हातात द्या, फोटो काढतो!" जेफने विचारलं, "सर्टिफिकेट आहे?" नव्हतं. "मग लोकरीबरोबर काढा," जेफ म्हणाला. त्याने खरंच काढला, पिस्ता रंगाचे दोन गुंडे हातात धरून. अजूनही त्याचा तोच प्रोफाइल फोटो आहे.

आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाचे जोशीकाका! गणपतीत नाटक बसवत होते. मला फोन केला, "मेधा, दोन तासांसाठी एक बंदूक दे बघू. खरी असली की कसा परिणाम साधतो!"

"साधतो ना काका," मी म्हटलं. "पहिल्या रांगेवर!"

शेवटी मी त्यांना फावड्याचा दांडा काळा रंगवून दिला. प्रयोगात खलनायकाने तो आवेशात टेबलावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. काका आजही मलाच ऐकवतात, "बघ, खरी असती तर अशी मोडली नसती!"

* * *

आता सासूबाई. त्या आमच्याकडेच असतात. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आयुष्यभर मुलांच्या दाखल्यांवर 'वर्तणूक: समाधानकारक' असं लिहिलं. 'उत्तम' कुणालाही नाही, स्वतःच्या पोटच्या सुहासलासुद्धा नाही! माझ्या पुरणपोळीला बावीस वर्षांत मिळालेला सर्वांत मोठा शेरा म्हणजे 'बरी झालीय.'

त्यांना मी फक्त लोकरीचं सांगितलं होतं. म्हटलं, उगाच बीपी वाढायचं. तर एका खंडेनवमीला सकाळी त्यांनी माझ्या हातात हळदकुंकवाची डबी आणि बागेतली चार झेंडूची फुलं ठेवली. "दुकानातल्या हत्यारांना वाहा."

"हो आई. कात्रीला वाहते, सुयांना वाहते."

"कात्री काय, घरातही आहे. बंदुकांना वाहा की!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जेफने. तू सुट्टीवर होतीस तेव्हा गेले होते लोकर आणायला. सगळं दाखवलं त्याने. चांगला माणूस आहे हो, तुझ्यासारखी टकळी चालू नसते."

तर मी वाहिलं. त्यात सर्व्हिसिंगला आलेली एका शेतकऱ्याची शॉटगनही होती. जेफने चष्मा लावून बघितलं. "गंज?"

"कुंकू."

"काय होतं त्याने?"

"हत्यार नीट वागतं."

जेफने 'हं' केलं आणि बंदूक तशीच गिऱ्हाइकाला दिली. आणि त्या माणसाने रविवारची नेमबाजीची स्पर्धा जिंकली! आयुष्यात पहिल्यांदा! सोमवारी दुकानात तीन शेतकरी, प्रत्येकाच्या काखेत बंदूक. "ते रेड थिंग आम्हालाही लावून मिळेल का?"

जेफने मान हलवली. "वर्षातून एकदाच मिळतं. पुढच्या वर्षी या."

* * *

आणि मग माझ्या सर्टिफिकेटसाठी पोलिसांकडून फायरआर्म्स ऑफिसर आले. उंच, गंभीर, हसण्याचा पत्ता नाही. दुकानातली तिजोरी बघितली, कुलपं बघितली, मला तासभर प्रश्न विचारले. मी पटापट उत्तरं दिली. मला वाटलं, झालं, जिंकलो!

तर म्हणतात, "आता तुमच्या घरी जाऊ. तुमचा स्वभाव कसा आहे, ते घरातल्या माणसांना विचारावं लागतं."

घरी सुहास होता. त्याने अंगच काढून घेतलं. "मी नवरा आहे, माझं मत धरू नका. माझ्या आईला विचारा, ती कधी खोटं बोलत नाही." मनात आलं, भूल देतोस ना, मग आत्ता मलाच दे!

बघा म्हणजे! सुनेच्या स्वभावाचा दाखला, आणि तो द्यायचा कुणी, तर सासूने! जगात कुठल्या सुनेचं असं सर्टिफिकेट पास झालंय? ऑफिसर म्हणाले, सासूबाईंशी एकट्यांशी बोलायचंय. मला स्वयंपाकघरात पाठवलं. मी चहाचं आधण ठेवलं आणि कान दाराला लावला.

"तुमची सून रागीट आहे का?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं शाळेतलं इंग्रजी, एकेक शब्द खडूने लिहिल्यासारखा. "भयंकर रागीट आहे."

दुकान डोळ्यांसमोरून निघून गेलं, पाटीसकट. जेफचे मासे गेले, मॉरीनची लोकर गेली. मला त्यांचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

"रागावल्यावर काय करतात?"

"भांडी घासते. घासलेली असली तरी घासते."

"कधी कुणावर हात उचललाय?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई उभ्या राहिल्या असणार. उभ्या राहिल्याशिवाय त्या शेरा देत नाहीत.

"ऑफिसर, ही बावीस वर्षं माझ्याबरोबर एका घरात राहते आहे. मी कशी बाई आहे, ते माझ्या मुलाला विचारा. हिने केलेला एकही पदार्थ मी नावं ठेवल्याशिवाय खाल्लेला नाही. आणि मी अजून जिवंत आहे. तुम्हाला आणखी काय पुरावा हवा?"

आधण उतू गेलं. मी गॅसकडे बघितलंसुद्धा नाही.

ऑफिसर स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी फाइल मिटली होती. "माझे प्रश्न संपले," ते म्हणाले. "जेफला सांगा, गळ काढून ठेव." दारात बूट घालताना मात्र हळूच म्हणाले, "आमच्याकडेही बायकोची आई राहते."

ते गेले तशी मी आत धावले. सासूबाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आई, कसे आभार मानू तुमचे!"

"आभार कसले? खरं तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सर्टिफिकेट तीन वर्षांचंच असतं म्हणे. मग ते पुन्हा विचारायला येतात."

"हो, आई."

"मग नीट वाग हं माझ्याशी."