सुरू आणि चालू

मास्तर आमच्या गाळ्यात यायचे ते भिंतीकडे बघत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. वायर कुठून कुठे गेली आहे ते आधी डोळ्यांनी चाचपायचे आणि मग विचारायचे, "अर्थिंग बघितलंत का?" रोज. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच तपासलेलं असायचं. स्वतःच्या कामावरही विश्वास नसण्याला लोक काटेकोरपणा म्हणतात. मी हेकटपणा म्हणतो.

आयटीआयमधून निवृत्त झालेले, बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहणारे हे गृहस्थ. मी वाशिमकडून एक पिशवी घेऊन पुण्यात आलो. जुने फ्रिज, मग इन्व्हर्टर, मग कॉम्प्युटर विकत धायरीत हा गाळा उभा केला. बिटकॉइन काढायची जुनी यंत्रं विकायला लागलो तेव्हा ती जोडून, तपासून देणारा माणूस हवा होता. यंत्र बुटांच्या खोक्याहून थोडं मोठं. आत आकडेमोड करणारे तीन बोर्ड, दोन्ही टोकांना पंखे, आणि आवाज असा की शेजारचा फर्निचरवाला भांडायला आला होता. कुणीतरी मास्तरांचं नाव सुचवलं. सुचवणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यांची तपासणी म्हणजे सोहळा. यंत्र जोडायचं, लॅपटॉपवर दिसणारे तिन्ही बोर्डांच्या वेगाचे आकडे वहीत उतरवायचे, मागून येणाऱ्या गरम वाऱ्यात हाताची पाठ धरायची आणि घडीच्या स्टुलावर बसून राहायचं. स्टूल घरून आणलेलं. चोवीस तास यंत्र चालल्याशिवाय ते त्याच्याविषयी एक शब्द बोलायचे नाहीत. मी म्हणायचो, दोन तास झाले, आकडा पुरा आहे, आणखी काय हवं? एकदा मान वर न करता म्हणाले, "अहो, ते यंत्र आहे, गिऱ्हाईक नाही. बोलून पटत नाही त्याला." गाळ्यातले हमाल हसले. भाव पाडण्यात माझा हात धरणारा बाजारात कुणी नाही, पण ह्या माणसाशी बोलताना मी कायम पहिल्याच वाक्याला हरायचो.

चहाचा थर्मासही घरचा. झाकणात ओतून माझ्यासमोर एकटे प्यायचे. मी आमचा चहा पुढे केला तर म्हणायचे, "नको. तुमच्याकडचं सगळं जरा गोड असतं."

तपासणाऱ्याचं जातं काय? माल उचलणारा मी, शब्द देणारा मी, शिव्या खाणारा मी. हे पेन्शनवर सुखी, जगातले दोष मोजायला मोकळे.

तपासून झालं की यंत्रावर कागदाची चिठ्ठी चिकटवायचे. ठसठशीत अक्षर, आणि चिकटवायला घरी शिजवलेली खळ, कारण डिंकाची बाटली म्हणे चैन. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'सुरू' असायचं, काहींवर 'चालू'. मला वाटायचं, रिकामपणी शब्द बदलून लिहितात.

वाघोलीच्या अण्णांनी घरामागच्या शेडसाठी बारा यंत्रं मागितली. अण्णांच्या शब्दावर तिकडची दहा माणसं माल घेतात. मी म्हटलं, एकही खोटं निघालं तर धायरीत येऊन माझ्या कानाखाली वाजवा. टेम्पो आला त्या दिवशी मास्तर भाच्याच्या मुंजीला गेले होते. आठ यंत्रांवर 'सुरू', चारांवर 'चालू'. मी बाराच्या बारा भरून पाठवली.

दोन दिवसांनी अण्णा चार यंत्रं घेऊन हजर. मास्तर स्टुलावर. अण्णा शांतपणे म्हणाले, "शेठ, सकाळी तीन बोर्ड दिसत्यात, दुपारी दोनच ऱ्हात्यात. आन् वर तर चालू लिवलंय."

मी मास्तरांवर उखडलो. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "बरोबरच लिहिलंय. गार असताना पुरं काम करतं. तापलं की एक बोर्ड सोडून देतं. समोर नीट वागून मागून दगा देतो, त्याला चालूच म्हणतात."

मग हे सरळ सांगायला काय झालं होतं, असं मी ओरडलो. त्यांनी पहिल्यांदाच भिंत सोडून माझ्याकडे पाहिलं.

"चालू म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

अण्णा हसले. कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं. मी मास्तरांना म्हटलं, उठा. ते उठले. स्टूल मिटलं, थर्मास काखेत घेतला. दारात थांबून, पुन्हा भिंतीकडेच बघत म्हणाले, "उन्हाळा आहे, माती सुकते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा." आणि गेले.

त्याला वर्ष झालं. नवा टेस्टर दोन तासांत 'ओके' लिहून मोकळा होतो. अण्णा मध्ये एकदा आले, यंत्र उलटंपालटं करून म्हणाले, "मास्तरांची चिठ्ठी न्हाई व्हय?" आणि रिकाम्या टेम्पोने परत गेले. त्यांच्यामागे वाघोलीतलं एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही.

गेल्या महिन्यात अण्णांना मीच फोन केला. सहा यंत्रं स्वतः जोडली, आदल्या दुपारपासून चालत ठेवली, आकडे वहीत उतरवले. दुसऱ्या दिवशी अण्णांचा टेम्पो दारात लागला तेव्हा तेविसावा तास सुरू होता, आणि त्यांच्यादेखतच एका यंत्राचा तिसरा बोर्ड गेला. बंद करून पुन्हा लावलं असतं तर तासभर सगळं झकास दिसलं असतं. ती युक्ती मला येते.

मी वहीचं पान फाडलं, 'चालू' लिहून त्या यंत्रावर लावलं आणि यंत्र बाजूला ठेवलं. बाकीच्या पाचांसाठी आणखी दोन तास थांबा, असं अण्णांना म्हटलं. अण्णा खाली पोत्यावर बसले. चोवीस तास भरल्यावर पाच यंत्रं घेऊन गेले.

मास्तरांना हे कळवायचं काही कारण नाही. माणूस तुसडा होता, हेकट होता, आणि त्यांचं ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. खड्ड्यात पाणी मात्र रोज घालतो. गाळा माझा आहे.