हौसाचं पान

भागूबाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला नखाएवढा चांदीचा टाक आहे. त्यावरची बाई आता ओळखू येत नाही, नाकडोळे झिजून सपाट झालेत. पण घरातल्या पोरासोरालाही ठाऊक आहे की ती ‘थोरली’. थोरली म्हणजे भागूबाईंच्या नवऱ्याची, बन्सीरावांची, पहिली बायको. ती तापानं गेली आणि वर्षाच्या आत भागूबाई त्या घरात आल्या. बन्सीराव वारले तेव्हा भागूबाईंचं मंगळसूत्र उतरवलं. टाकाचं काय करायचं ते जमलेल्या बायकांपैकी कुणालाच सांगता येईना, म्हणून तो राहिला.

टाकाचा कायदा साधा. आधी थोरली. जेवायला बसलं की पहिला घास टाकाला लावायचा, मग तोंडात घालायचा. नवं लुगडं आलं की आधी टाकावर ठेवायचं, मग नेसायचं. असं करत भागूबाईंचा सगळा जन्म गेला आणि कोरं म्हणून काही त्यांच्या अंगाला लागलं नाही. मेलेली सवत जिवंत सवतीपेक्षा बरी, असं म्हणणाऱ्यांनी हे करून बघावं.

आता त्या मुकुंदवाडीत, मुलाच्या घरी असतात. बोलणं कमी. बरं आहे का म्हटलं तर बरं हाय, दुखतंय का म्हटलं तर तेवढंच. नवरा गेला त्या दिवशी त्यांच्या डोळ्याला पाणी आलं नाही, तेव्हा भावकीतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. बाई दगडाची आहे असं त्यांचं मत पडलं. भागूबाईंनाही ते खोटं वाटलं नव्हतं. आत काही हलतच नाही, तर रडू आणायचं कुठून?

मुलगा सुदर्शन एस.टी.त कंडक्टर होता. रिटायर झाल्यावर त्याला दिवस खायला उठला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. सुदर्शननं भिंतीला वंशावळ लावायची ठरवली. त्यात बायकांचीही नावं हवीत हा सुनेचा, सुरेखाचा, आग्रह. सिल्लोडकडचा एक जुना तलाठी ओळखीचा निघाला, त्याच्याकडून सुदर्शननं गावच्या जुन्या शिरगणतीच्या पानांचे फोटो मोबाईलवर आणले आणि आईसमोर येऊन बसला.

“माय, तुजं लगीन कवा झालं?”

“रझाकार हटल्याला धा वर्सं झाली आसतील.”

“मग एकावन्नच्या शिरगणतीत तू आमच्या घरात कशी? ह्ये बघ. बन्सी, वय अठ्ठावीस. त्याच्या खाली भागूबाई, बायको, वय बावीस. आन् थोरलीचा तर पत्ताच नाय.”

भागूबाईंना वाचता येत नव्हतं. पण ती कोण ते त्यांना लगेच कळलं. ती थोरलीच होती. थोरलीचं नाव भागू होतं हे जाणणारी सगळी माणसं मातीत गेली होती, एक त्या सोडून. ती गेल्यावर घरात तिला सगळे थोरलीच म्हणत आले, मग पोराला कुठून कळणार? एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं नाही.

“लिवणाऱ्यानं लिवलं आसंल कायबी,” त्या म्हणाल्या.

सुदर्शनला ते पटलं. सरकारी माणसानं चूक केली म्हटलं की आपल्याकडे पुढं कुणी विचारत नाही.

मग तो आईच्या माहेरच्या गावी जाऊन आला. तिथली पानंही मिळाली. संध्याकाळी परतला तेव्हा भागूबाई तुरीची डाळ निवडत होत्या.

“माय, तिथं तर तू नायसच. पाची मामा हायेत, आन् शेवटी एक पोरगी, हौसा, वय आठ. ही कोण? तुजी बहीण व्हय?”

भागूबाईंचा हात थांबला नाही. खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला.

“व्हय.”

“मग आता कुठंय?”

“ग्येली.”

“कवा?”

“लई वर्सं झाली.”

यात आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलंच नाही. पाच पोरांच्या पाठीवर झालेली पोर म्हणून बापानं गावभर गूळ वाटला होता आणि हौसेनं नाव ठेवलं होतं हौसा. ती हौसा पंधराव्या वर्षी दुसरेपणावर बन्सीच्या घरात आली. सासूनं उंबऱ्यातच सांगितलं, “आमच्या घरातल्या सुनंचं नाव भागू. आमच्या जिभंला तेच वळण हाय.” जिभेचं निमित्त होतं, खरं भय दुसरंच. आपल्या जागी दुसरी आली हे मेलेलीला कळू नये, म्हणून नाव तेच. पुढं दिवाळीला बाप न्यायला आला. दारातून त्यानं हाक दिली, “हौसे.” सासू बाहेर येऊन म्हणाली, “पावणं, त्या नावाचं हितं कुणी ऱ्हात नाय.” गरीब माणूस. जमिनीकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, “भागू, चल बाई.” त्या दिवशी सिल्लोड येईपर्यंत पोर बैलगाडीत रडली. नंतर कधी रडल्याचं तिला आठवत नाही.

“बिचारी मावशी,” सुदर्शन म्हणाला. “आम्हाला तिचं नावबी ठावं नव्हतं.” त्यानं डोळे पुसले. मुलगा हौसासाठी रडतोय याचं भागूबाईंना नवल वाटलं, आणि ते दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटून त्यांनी डाळ डब्यात भरली. शिरगणतीच्या वेळी आई तिच्या आजोळी असेल, म्हणून तिचं नाव राहून गेलं असेल, हे सुदर्शननं स्वतःच ठरवून टाकलं.

क्रांती चौकातून वंशावळ छापून आली. बन्सीच्या शेजारी भागूबाई, आणि वयाचा दुसरा कागद नव्हता म्हणून शिरगणतीच्याच हिशेबानं वय पंचाण्णव. एका कागदानं बाईला चौदा वर्षांनी म्हातारं केलं. शेजारपाजारचे येऊन पाया पडून गेले. पहिल्या बायकोच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘नाव माहीत नाही’. खाली माहेरची शाखा होती. सुदर्शननं बोट ठेवून आईला वाचून दाखवलं, “कैलासवासी हौसा.” भागूबाईंनी मान डोलावली.

सर्वपित्री अमावास्या आली. सुदर्शन म्हणाला, “मावशीला कुणी कधी पान वाढलं नसंल. औंदा आपुन वाढू.” हौसाच्या नावानं जेवायला शेजारच्या दमयंतीकाकूंना आमंत्रण गेलं. काकूंना यायला उशीर होत होता. सुरेखानं पाट मांडला, रांगोळी काढली, वाढून ठेवलं. खीर, कढी, वडे, भोपळ्याची भाजी, अळूची वडी. सुदर्शननं हात जोडले, “हौसा मावशी, जेवून घे, आमच्यावर राग धरू नको.”

भागूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. कढीला वाफ येत होती. आणि त्यांना राग आला. कुणाचा ते कळलं नाही. सासूचा, बापाचा की स्वतःचा. इतक्या वर्षांनी आला की आधी तो राग आहे हेच त्यांना ओळखू येईना; छातीत काहीतरी अडकलं असं वाटून त्यांनी हात लावून पाहिलं, तर हाताला टाक लागला. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत गेल्या आणि पाटावर बसल्या.

“आत्या, ते मावशीचं पान हाय,” सुरेखा म्हणाली. “तुमचं वाढते की मी.”

“ठावं हाय मला.”

त्यांनी वडा मोडला, कढीत बुडवला आणि सरळ तोंडात घातला. टाकाला लावला नाही. सुरेखाच्या ते आधी लक्षात आलं. तिच्या हातातला पळा तसाच राहिला.

सुदर्शन खाली वाकला. म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाला, “माय, ऊठ. मावशी उपाशी राहील.”

“नाय ऱ्हात. जेवती हाय ती.” घास गिळून त्या म्हणाल्या, “मीच हौसा. भिताडावर भागू लिवलीयास ना, ती थोरली.”

सुदर्शननं भिंतीकडं पाहिलं, मग आईच्या गळ्याकडं. बावीस वर्षांची भागूबाई, नाव माहीत नसलेली थोरली, आणि जिला तो आत्ताच हात जोडून जेवायला बोलावत होता ती. त्याला रडू येतंय असं वाटलं, पण आलं नाही. तो तसाच खाली बसला.

तेवढ्यात दारात दमयंतीकाकू आल्या, पदर सावरत. “उशीर झाला हो. बसू का मी? कुणाच्या नावानं जेवायचंय म्हणालात?”

हौसाबाईंनी खिरीची वाटी जवळ ओढली.

“सुरेखे, दुसरं पान वाढ,” त्या म्हणाल्या. “बसा बाई. थोरलीच्या नावानं जेवा. भागू तिचं नाव.”