खोडरबर जमा करणारे साडू

माझ्या थोरल्या साडूंना मी त्यांच्याच ओट्यावर, पोराटोरांसमोर अडाणी म्हणालो. आणि अख्ख्या सुरतेत लहान मुलांना गणिताशी झगडायला शिकवणारा त्यांच्याएवढा शहाणा माणूस दुसरा नाही. ही दोन्ही मतं माझीच. पहिलं मोठ्यानं बोललो, दुसरं पाच वर्षं गिळून बसलो.

साडू बमरोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बीम जोडायचे. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ; जुना संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्या बीमचा एकेक धागा गाठ मारून जोडायचा, असे हजारो. एक धागा भलतीकडे गेला की सगळं कापड रेघ घेऊन निघतं. मग मागे मागे जात ती एक गाठ शोधायची. ही खोड त्यांनी गणितातही आणली. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर गल्लीतली आठ-दहा मुलं जमत. चपला पायरीशी आणि खोडरबर स्टीलच्या डब्यात जमा केल्याशिवाय आत प्रवेश नाही, जणू देवळातच निघालेत. एकानं खोडरबर खिशात लपवला, तर साडू नाक वर करून म्हणाले, "स्ट्रॉबेरीना वास कोठून येस रे?" उत्तर बरोबर आलं की त्यांचा चेहरा पडायचा. चुकलं की मात्र मांडी सरसावून बसायचे. "पुसू नको. कोठे चुकनं ते दखाड." आपसात हिंदी-गुजराती झाडणारी पोरं या अहिराणीपुढे निमूट पेन्सिल मागे फिरवत.

माझी मुलगीही तिथे जायची, तेव्हा ती तिसरीत होती. रांगेत राणी पुढून पाचवी, मागून सातवी, तर रांगेत किती जण? तिनं बारा लिहिले. साडूंनी सगळी पोरं उठवली. ती कमी पडली म्हणून दूधवाल्याला सायकलवरून उतरवलं आणि माझ्या मेहुणीला लाटण्यासकट रांगेत उभं केलं.

"पोळी करपतेय माझी!" मेहुणी ओरडली.

"करपू दे. तू मागून तिसरी शेस, हालू नको."

राणी झालेली माझी मुलगी दोन्ही बाजूंनी मोजत राहिली आणि एकदम किंचाळली, "मावसा, मी मलाच दोनदा मोजलं!" अकरा. तसा आनंद मी तिच्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही. वहीत बारा तसेच राहिले, शेजारी तिनं लिहिलं, 'राणी दोनदा मोजली.'

शाळेतून त्या पानावर शेरा आला, 'गचाळ वही'. मी पर्वत पाटियाच्या साडीच्या दुकानात कामाला. पोरगी इंग्रजी शाळेत आहे याचा कोण तोरा! वही घेऊन तसाच बमरोलीला गेलो. "भाऊ, तुम्ही आपले धागे जोडा. अडाणी माणसानं पोरांच्या डोक्यात हात घालू नये."

साडू "बरं, पाव्हना" म्हणाले, डबा उघडला आणि ज्याचा त्याला खोडरबर परत दिला. एकाचाही मालक चुकला नाही. त्यानंतर त्या ओट्यावर मुलं बसली नाहीत.

मी मुलीला क्लास लावला. तिची वही स्वच्छ झाली. ती इतकं खोडू लागली की पानांना भोकं पडत. आता ती आठवीत आहे. गेल्या महिन्यात गणिताचा पेपर कोराच घरी आला. येत नव्हतं का, म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाली, "येत होतं बहुतेक. पण चुकलं असतं तर?"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन बमरोलीला गेलो. गाठी आता मशीन मारतं. साडू घरी असतात. लूमच्या खडखडाटानं कान पार गेलेत. रस्ताभर जुळवलेलं मी हळू आवाजात बोललो.

"काय? माले ऐकू नही येस."

पुन्हा बोललो.

"चहा नको म्हणताहेत का?" आतून मेहुणी.

मुलगी माझ्याकडे बघत होती. समोरच्या घरातली बाई दारात आली, तिच्यामागे तिची सून. साडूंनी कानामागे हात धरला. मी होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो,

"भाऊ, मी तुम्हाला अडाणी म्हणालो, ते चुकलं! माझ्या पोरीला चुकायची भीती मीच लावली! मला माफ करा!"