चार ओळींची पत्रिका

नांदुऱ्याला स्टेशनाकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते. वीसेक वर्षं मी हे काम करतो आहे, आणि खोटं कशाला बोला, त्यातली बरीच वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. गणपती, कलश, सनई, केळीचे खांब आणि दोन मोर एका पानावर दाटीवाटीनं बसवून मी सुखानं घरी जेवायला जात असे. मग एके दिवशी मोबाइलवर मला एक परदेशी गृहस्थ दिसले. त्यांच्या खोलीत एक मेज, एक कप आणि ते स्वतः, एवढंच होतं. जे गरजेचं नाही ते काढून टाका, असं ते अगदी हळू आवाजात सांगत होते. मला ते तात्काळ पटले. मला माणसं फार लवकर पटतात, हा माझा जुना रोग आहे.

सुरुवात घरापासून केली. चार राखाडी शर्ट ठेवले, बाकीचे वाटून टाकले. त्यामुळे मी रोज तोच शर्ट घालतो असं गल्लीत पसरलं आणि शेजारच्या काकूंनी बायकोला खोदून खोदून विचारलं की दुकान बरं चालतं ना. नंतर मी स्वयंपाकघरात शिरलो. घरात माणसं चार, तर पेले चार, ताटं चार, असा हिशेब मी मांडला. बायको लोणारची. तिनं भांडण केलं नाही, एवढंच विचारलं, "अन् पाहुणे आले तं? वंजळीनं पाणी देऊ का त्याहीले?" पाहुण्यांचा विचार त्या परदेशी गृहस्थांनी केलेला नव्हता, त्यामुळे मीही केला नाही. दोन दिवसांत मांडण्या मोकळ्या झाल्या. मी फोटो काढून चार ठिकाणी पाठवले. पुढं तीन महिने आमच्याकडे पाहुणे आले की ताटं-पेले कुठून तरी बरोबर हजर होत, आणि मला वाटायचं की कमी वस्तूंत भागतं ते असं. नंतर कळलं की सगळी भांडी शेजारच्या काकूंच्या माळ्यावर होती आणि बायको मागच्या दारानं ने-आण करत होती. म्हणजे माझ्या मिनिमलिझमसाठी दोन घरं लागत होती.

दुकानात तर मी कहरच केला. भिंतीवरचे पत्रिकांचे नमुने उतरवले, भिंती पांढऱ्या केल्या, काउंटरवर फक्त एक पेन ठेवलं. "दुकान हालवून राह्यले का भाऊ?" असं येणारा-जाणारा विचारू लागला. अक्षरांचे फक्त दोन टाइप वापरायचे मी ठरवले, रंग दोनच. संध्याकाळी दुकान बंद करताना एकही काम उद्यावर ठेवायचं नाही, असा नियम केला, आणि तो पाळायला सोपा गेला, कारण कामंच कमी यायला लागली. एका ग्रामपंचायत सदस्यानं वाढदिवसाचा फ्लेक्स सांगितला होता. शुभेच्छुक म्हणून बत्तीस जणांचे फोटो दिले होते. मी एका कोपऱ्यात त्यांचा एकट्याचा फोटो ठेवला, खाली एक ओळ, बाकी पांढरं. ते कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभे राहिले.

"भाऊ, पैसे पुऱ्या फ्लेक्सचे घेता, मंग अर्धा कोरा काऊन सोडला?"

"ती मोकळी जागा आहे. नजरेला विश्रांती मिळते."

"विश्रांती लोक घरी घेतीन. अन् हे बत्तीस जण? त्याहीले काय सांगू मी? तुमच्यानं नजरेले तरास होते म्हनून काढलं?"

त्यांनी फ्लेक्स दुसरीकडून करून घेतला. मी मात्र, लोकांची दृष्टी अजून तयार झालेली नाही, असं म्हणत त्या दिवशी फार मोठेपणानं चहा प्यालो.

अशा अवस्थेत मी असताना भाचीचं लग्न ठरलं.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचं सासर रोहिणखेडच्या अलीकडचं एक गाव. भाऊजी तिथल्या शाळेत लिपिक होते. तीन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. त्या पंचक्रोशीत कोणाचंही लग्न असो, पत्रिकेचा मजकूर भाऊजींच्या हातचा असायचा. निमंत्रक कोण, स्वागतोत्सुक कोण, कोणत्या चुलत्याचं नाव आधी, कोणाच्या नावापुढे गुरुजी लावायचं, हे सगळं त्यांना पाठ. घडी केलेला फूलस्केप घेऊन ते रविवारी माझ्या दुकानात यायचे आणि माझ्या डोक्यावर बसून एकेक नाव तपासायचे. मी वैतागायचो. "भाऊजी, एवढी नावं वाचतं कोण?" असं एकदा मी विचारलं, तर चष्मा वर करून म्हणाले, "ज्याचं हाय तो वाचते." मग शांतपणे पुढच्या नावावर बोट ठेवलं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या पत्रिकेचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

ताईनं तिच्या हातानं लिहिलेली दोन पानांची यादी पाठवली. मी ती उघडली, वरवर चाळली आणि खणात टाकली. मला त्या यादीची गरजच नव्हती. माझ्या डोक्यात जिल्ह्यातली पहिली खरीखुरी आधुनिक पत्रिका तयार होती. जाड, सायीच्या रंगाचा कागद. त्यावर मधोमध चार ओळी. मुलीचं नाव, मुलाचं नाव, दिवस-वेळ, ठिकाण. गणपती नाही, कलश नाही, आई-बाप नाहीत, काका-मामा नाहीत. मामा म्हणून माझं स्वतःचं नावही मी काढलं होतं आणि या त्यागाचं मला विशेष कौतुक वाटत होतं. भाची पुण्याला नोकरी करते. तिला मोबाइलवर नमुना पाठवला. "मामा, एकदम क्लास!" असं तिनं कळवलं. ताईला विचारलं नाही. तिला फोनवर म्हणालो, बघशीलच. ती म्हणाली, "तू करशीन ते चांगलंच करशीन."

पत्रिकांचा खोका मांडीवर घेऊन मी एसटीनं ताईकडे गेलो. मुलगीच लग्नमंडपात नेत असल्यासारखा मी तो सांभाळत होतो. ताईनं ओसरीवर सतरंजी घातली होती. पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची म्हणून हळदी-कुंकवाचं ताट तयार होतं. तिची जाऊ आणि शेजारच्या दोघी-तिघी मुद्दाम पाहायला आल्या होत्या. मी खोका उघडला आणि एकेकीच्या हातात एकेक पत्रिका दिली.

जावेनं पत्रिका उलटी केली. मागंही काही नव्हतं. शेजारीण म्हणाली, "हा लिफाफा असंन बाई. पत्रिका आतमंधी राह्यली."

"हीच पत्रिका आहे," मी म्हणालो, आणि मग मला कंठ फुटला. मोकळ्या जागेवर, नजरेच्या विश्रांतीवर, जगात आता काय चाललं आहे यावर मी त्या बायांपुढं चांगली दहा मिनिटं बोललो. आज ते आठवलं तरी मला स्वतःचे कान धरावेसे वाटतात.

ताईनं पत्रिका पुढून पाहिली, मागून पाहिली. ती खाली ठेवून खोक्यातून दुसरी काढली. ती एखादीच बिघडलेली निघाली असेल, असं तिला वाटलं असावं. मग तिसरी काढली. तिसरीही तशीच होती.

"याच्यावर त्यायचं नाव नाही," ती म्हणाली.

"ताई, नाव कोणाचंच नाही. माझंसुद्धा नाही," मी उत्साहानं म्हणालो.

ती चिडली नाही. चिडली असती तर मी वाद घातला असता, वादाला मी कधी मागं हटत नाही. ती पत्रिकेकडे पाहतच म्हणाली, "राशन कार्डावरून काढलं, तू आलता संगं. सातबाऱ्यावरून काढलं, तू आलता. बँकेतून काढलं, लाइट बिलावरून काढलं. मी काही म्हटलं का? सरकारी काम हाय, करा लागते म्हटलं. मले वाटलं, पत्रिकेवर तं येईन. आता त्यायचं नाव छापाचं मले दुसरं काय कारण पडते रे? एकच तं पोरगी हाय."

जाऊ उठून चहा ठेवायला आत गेली. नाव काढायची ती सगळी कामं मीच केली होती. भाऊजी गेल्यावर महिन्याच्या आत मी ताईला घेऊन कचेऱ्या फिरलो, फाइल माझ्या काखेत, झेरॉक्सचे गठ्ठे माझ्याजवळ. सगळं चटचट उरकलं म्हणून नातेवाइकांत माझं नाव झालं होतं आणि मी ते मिरवलंही होतं. प्रत्येक टेबलापुढं ताई माझ्या बाजूला बसलेली असायची. तिथं तिला काय होत होतं, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. भाऊजी आज फार हवे होते, असंही वाटलं, आणि ते गेल्यापासून इतक्या जोरात मला ते पहिल्यांदाच वाटलं.

खोका परत मांडीवर घेऊन मी नांदुऱ्याला आलो. खणातून ताईची यादी काढली आणि पहिल्यांदा ती नीट वाचली. ताई भाऊजींना नेहमी 'ते' म्हणायची. उखाण्याबाहेर त्यांचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. यादीच्या पहिल्याच ओळीत तिनं ते नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण लिहिलं होतं. अक्षर गिरवून ठळक केलेलं होतं. पुढं 'लिपिक' असंही होतं.

मग मी बसलो आणि जे जे काढलं होतं ते ते सगळं परत आणलं. गणपती आणला, कलश आणला, निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक आणले. लहान पोरांची 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' ही ओळही आणली, जिचा मी आयुष्यभर राग केला आहे. सर्वांत वर, गणपतीच्या खाली, भाऊजींचं नाव घेतलं. सगळी नावं मावेनात, तेव्हा अक्षर बारीक केलं, तरी मावेनात, तेव्हा पान वाढवलं. भाऊजी नसल्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर हे मला कळेना आणि ताईला मी दिवसातून सहा वेळा फोन केले. नमुना घेऊन परत गेलो तेव्हा ताईनं तो मांडीवर पसरला आणि बोट ठेवून वाचला. पहिल्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मोर नाही टाकला?"

मी मोर टाकला. दोन्ही बाजूंना.

लग्न चांगलं झालं. मंडपात खुर्च्यांवर बसून लोक पत्रिका उघडत होते आणि ज्यानं त्यानं आपलं नाव शोधून पुढच्याला दाखवावं, असं चाललं होतं. एका चुलत्याचं नाव दोनदा आलं होतं. त्यांनी तक्रार केली नाही.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी जावईबापूंचा फोन आला. त्यांच्याकडच्या राशन कार्डावर भाचीचं नाव चढवायचं, तर इकडचं नाव कमी केल्याचा दाखला लागतो. माझ्या अंगातली जुनी खोड लगेच जागी झाली. त्याच आठवड्यात मी अर्ज आणला, भरला, आणि ताईपुढं धरला. ताईनं पेटीतून कार्ड काढलं. त्यावर आता दोनच नावं होती.

"हिचं काढलं की मी एकलीच राह्यते याच्यावर."

"हो," मी म्हणालो. "कार्ड एकदम सुटसुटीत होतं."

तोंडातून शब्द गेला आणि मी जीभ चावली. इतकं सगळं होऊनही माणूस सुधारत नाही, तो असा. ताईनं कार्ड पुन्हा पेटीत ठेवलं, वर साडीची घडी ठेवली आणि म्हणाली, "राहू दे थोडे दिवस."

याला आता चौथा महिना लागला, भरलेला अर्ज माझ्या खणातच आहे. परवा मी ताईच्या ओसरीवर बसलो होतो, ती शेंगा फोडत होती, तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला. दाखल्याचं काय झालं, असं त्यांनी फार आदबीनं विचारलं. मी सांगितलं की कचेरीतले साहेब रजेवर आहेत. हे त्यांना सांगायची माझी तिसरी खेप होती.

फोन ठेवल्यावर ताईनं वर न पाहता विचारलं, "कधी येतेत साहेब?"

"काही सांगता येत नाही," मी म्हणालो. "मोठी रजा आहे."

"हाव," ताई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. "राहू दे त्यायले घरी थोडं."