खंडित म्हणजे नक्की

सुरुवातीलाच माफी मागतो. मराठी मला कुठल्याही शाळेने शिकवली नाही. देवनागरी हिंदीच्या तासाला आली आणि पुस्तकातली मराठी मी जुने दिवाळी अंक वाचून गोळा केली. आमचे पूर्वज मैसूरच्या सैन्यात होते म्हणतात. आम्ही घरात बोलतो त्या मराठीत निम्मं कन्नड असतं. अशा माणसाने तुमच्यासाठी लिहावं हे जरा जास्तच झालं. तरी लिहितो, कारण ह्या प्रकरणात मी चुकलो असं मला अजूनही वाटत नाही.

इथे मैसूरला देवराज मोहल्ल्यात अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शिलाईचं दुकान आहे. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. बी.ए. संपताना मी म्हटलं, इंग्रजीत एम.ए. करतो. अप्पा म्हणाले, "सीट मिळाली तर कर. नाही मिळाली तर दुसऱ्या मशीनवर बस." मी कबूल केलं.

प्रवेशाच्या चाचणीत अवघड इंग्रजी शब्द येतात, म्हणून मी शब्द पाठ करायला लागलो. अप्पा जुन्या लग्नपत्रिका कापून मापाच्या चिठ्ठ्या करायचे. मी त्यांच्या मागच्या बाजूला शब्द लिहायचो. एकदा 'ऑब्स्टिनेट' लिहिलेली चिठ्ठी एका बाईंच्या ब्लाउजला टाचून गेली. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात हजर.

"अण्णा, हे काय लिहून दिलंत? सून म्हणते, ह्याचा अर्थ हट्टी. तुम्हाला कोणी सांगितलं?"

अप्पांनी कात्री खाली ठेवली नाही. "कापडाचं नाव ते, अक्का. कितीही धुवा, आटत नाही."

शब्द आईला समजावता आला तरच तो पाठ झाला, असं मी धरायचो. आई चौथी शिकलेली. दुकानातल्या ब्लाउजांना हूक लावता लावता ती ऐकायची. एका संध्याकाळी 'अनइक्विव्होकल' आला. मी सांगत बसलो: ज्याचा एकच अर्थ निघतो, ज्यात शंकेला जागा नाही, ज्याला फाटे फुटत नाहीत...

"खंडित म्हण की," आई दातात दोरा धरून म्हणाली. "सुम्ने एवढं कशाला लांबवतोस?"

सुम्ने म्हणजे उगाच. आणि खंडित म्हणजे आमच्या घरात नक्की, ठाम. 'उद्या खंडित येतो' असं सांगून गेलेला माणूस येतोच.

चाचणीत दहा शब्दांचे अर्थ मातृभाषेत लिहून वाक्यात उपयोग करायचा होता. फॉर्मवर मी मातृभाषा मराठी लिहिली होती. तसं लिहिणारा मी एकटाच. 'अनइक्विव्होकल' दिसला तेव्हा मला हसूच आलं. मी लिहिलं: खंडित. वाक्य: त्याने खंडित नकार दिला.

यादी लागली. माझी सीट एका गुणाने गेली होती. पेपर दाखवतात म्हणून बघायला गेलो, तर त्या शब्दापुढे लाल शून्य. मी फेरतपासणीचा अर्ज केला आणि पेपर तपासणाऱ्या मॅडमनी मला बोलावलं. त्या काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलेल्या. स्वच्छ, सुंदर मराठी. त्यांच्यासमोर माझी जीभ जडच होते.

"अरे, खंडित म्हणजे तुटलेलं. वीजपुरवठा खंडित झाला, म्हणतो ना आपण? तू बरोबर उलटा अर्थ लिहिलायस."

"मॅडम, आमच्याकडे खंडित म्हणजे नक्की."

"ते कन्नडमध्ये."

"आमच्या मराठीत पण."

"तुमच्या मराठीत आलं असेल कन्नडमधून. पण मी मराठीचा पेपर तपासतेय."

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "मॅडम, तूप आणि भाकरी हेही कन्नडमधूनच आलेत असं मी तुमच्याच व्याकरणाच्या पुस्तकात वाचलंय. ते चालतात. मग आमचं खंडित का नाही चालत?"

मॅडमनी माझा पेपर पुन्हा पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "अर्ज राहू दे. बघते." आवाजावरून काही कळलं नाही.

बाहेर ऑफिसातल्या हेडक्लार्कनी मला थांबवलं. माणूस चांगला. धाकट्या भावाला म्हणावं तसं, खालच्या आवाजात कन्नडमध्ये म्हणाले, "तम्मा, कशाला डोकं फोडतोस? फॉर्म दुरुस्त करायला दोन दिवस आहेत. मातृभाषा कन्नड लिही. तुझं उत्तर आपोआप बरोबर होईल. तेवढं एक उत्तर मी लगेच कन्नडच्या सरांकडे पाठवतो."

कन्नडशी माझं काही भांडण नाही. मित्रांशी मी कन्नडच बोलतो, रागावतो तेही कन्नडमध्ये. पण तो शब्द मला आईने दिला होता, आणि ती माझ्याशी मराठीत बोलत होती. मी म्हटलं, "नको सर."

घरी सांगितलं. अप्पांनी मशीन थांबवलं.

"एका रकान्यात काय लिहिलं त्यावर कुणाचं काय अडतंय रे? लिहून ये जा."

"नाही लिहिणार."

"मग सीट?"

"जाऊ दे गेली तर."

"ऐकलंस का?" अप्पा आईला म्हणाले. "हा तुझ्यावर गेला."

"माझ्यावर नाही तर कुणावर जाणार?" आई म्हणाली.  ते दोन दिवस मी कॉलेजकडे फिरकलो नाही. मला भीती वाटत होती. समोर फॉर्म आला तर हात काय लिहील, ह्याची खात्री नव्हती. मुदत संपली. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मशीनला तेल दिलं आणि परकराला सरळ शिवण घालायला शिकायला लागलो. आठ दिवसांत तीन परकर उसवावे लागले.

मग एका दुपारी हेडक्लार्कचा फोन आला.

"मॅडमनी अर्धा गुण वाढवलाय. शेरा आहे, 'स्थानिक मराठीत रूढ'."

"अर्धाच?" मी म्हटलं. "पाहिजे होता एक."

"ऐक तरी पुरतं. यादी करताना आम्ही अर्ध्याचा एक धरतो. सीट तुझी झाली. सोमवारी कागदपत्रं घेऊन ये."